सावलीतला तपशील

27 मार्च 1948 च्या रात्री जॅझ गायिका बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. अकरा दिवसांपूर्वीच ती वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगातून सुटली होती. तिकिटं संपली, शेवटी रंगमंचावरही खुर्च्या टाकाव्या लागल्या. आणि तिथून पाच रस्ते खाली, 52व्या स्ट्रीटवरच्या ज्या चिंचोळ्या, धुरकट क्लबांमध्ये ती वर्षानुवर्षं गात आली होती, तिथे त्याच आठवड्यात तिला एक ओळसुद्धा गाता आली नसती. कार्नेगी हॉलमध्ये दारू विकली जात नसे, क्लबात विकली जाई, एवढाच फरक. जिथे दारू मिळते तिथे गायचं, वाजवायचं, नाचायचं, फार काय, ताटल्या उचलायच्या म्हटलं तरी पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागे, आणि बिलीसारखी शिक्षा भोगून आलेल्या माणसाला ते मिळत नसे. 1940 ते 1967 अशी सत्तावीस वर्षं हा नियम चालला. पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड 1951 साली गेलं, ते परत मिळेपर्यंत 1957 उजाडलं. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचंही गेलं. कागदावर नियम सगळ्यांना सारखाच होता, गोऱ्यांनाही. पण रात्री दोन वाजता रस्त्यावर कुणाचे खिसे तपासले जायचे, हे न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, आणि ती सांगताना बहुतेक जण कायद्याबद्दल बोलतात. डोक्यातून जात नाही ती मात्र एक बारीकशी बाब. कार्डासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत आणि फोटो काढावा लागे. म्हणजे त्या काळात न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचा किमान एक फोटो असा होता, जो पोलिसांनी पोलिसांसाठी काढून घेतलेला होता. आज आपल्या डोळ्यांसमोर जॅझवाले उभे राहतात ते धुरात, घामात, अर्ध्या अंधारात. ते फोटो वेगळे. पण त्यांच्याकडे बघताना त्यांच्यामागे तो पहिला फोटोही धरावा लागतो, नाहीतर हे दुसरे फोटो कशाला उत्तर देत होते तेच कळत नाही.

ओळखपत्राचा फोटो जगात कुठेही साधारण एकाच पद्धतीने निघतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दिवा लेन्सच्या जवळ, मागे कोरी भिंत, चेहरा समोर. सावली पडू द्यायची नाही, कारण सावलीत खूण लपते. गोऱ्या चेहऱ्यावर हा प्रकाश कंटाळवाणा दिसतो, पण चालून जातो. गडद चेहऱ्यावर तो अन्याय करतो, आणि तो का करतो हे समजून घेण्यासारखं आहे. फिकट त्वचा तिच्यावर पडलेला प्रकाश चहूबाजूंना पसरवून परत टाकते. गडद त्वचा त्यातला बराचसा शोषून घेते. मग गालाचं हाड, कपाळाचा उतार, जिवणीची कड हे सगळं दिसतं ते मुख्यतः त्वचेवरच्या चमकेवरून. आणि चमक म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. दिवा लहान आणि समोर असला की प्रतिबिंबही लहान आणि कडक: कपाळावर एक पांढरा ठिपका, नाकाच्या शेंड्यावर दुसरा, आणि बाकीचा चेहरा एका सपाट करड्या थाळीसारखा. तोच दिवा मोठा केला, म्हणजे खिडकी किंवा दीड-दोन मीटर लांबीची पांढरी चादर, आणि साठ-सत्तर अंशांवर बाजूला नेला, की चमक लांबत जाते. गालावरून हनुवटीपर्यंत ती हळूहळू विझते आणि तेवढ्या अंतरात चेहरा सापडतो. पावडर लावायची नाही. पावडरने चमक मरते आणि कातडी राखेसारखी दिसते. घाम पुसायचा असेल तर टिपून घ्यावा, चोळू नये.

मग मीटरची भानगड. एक्स्पोजर मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी 18 टक्के परत पाठवणारं. गडद गालाजवळ मीटर नेऊन वाचलं तर ते प्रामाणिकपणे सांगतं की प्रकाश कमी आहे, वाढवा. वाढवला की तो माणूस फोटोत दुसऱ्याच रंगाचा होतो. उलट, पांढरा शर्ट आणि गडद चेहरा यांची सरासरी घेतली तर शर्ट मीटरला फसवतो आणि चेहऱ्याचा डाग होतो. पांढऱ्या शर्टातून 90 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो, खूप गडद त्वचेवरून दहा-अकरा टक्के. म्हणजे एकाच चौकटीत तीन स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). उपाय सोपा आहे: गालाच्या उजेडातल्या बाजूचं वाचन घ्यायचं आणि त्यापेक्षा साधारण एक स्टॉप कमी द्यायचा. शर्ट निगेटिव्हवर दाट होईल, त्याला प्रिंट काढताना हाताळता येतं. चेहरा निगेटिव्हवर आलाच नाही तर त्याला नंतर काही करता येत नाही. हे सगळं 1940 च्या दशकातल्या कुठल्याही जाणत्या फोटोग्राफरला करता येण्यासारखं होतं. करायचं की नाही, हा प्रश्न तंत्राचा नव्हता.

आपल्याकडे याला तुच्छ लेखायचं कारण नाही. ‘फोटो जरा उजळ काढा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोटो स्टुडिओने ऐकलेलं आहे, विशेषतः मुलगी दाखवायच्या फोटोसाठी. पावडरचा डबा आणि कंगवा आरशासमोर ठेवलेलेच असत. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारा कारागीर स्टुडिओची इज्जत असे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की तिथे दाटपणा वाढतो आणि प्रिंटमध्ये ती जागा उजळते. धारदार पात्याने खरवडलं की उलट, प्रिंटमध्ये ती जागा गडद होते. ही दोन्ही हत्यारं न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फोटोग्राफर जेम्स व्हॅन डर झीच्या टेबलावरही होती. त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे स्टुडिओ थाटला आणि पुढची कित्येक दशकं हार्लेमच्या लोकांना त्यांच्या सर्वांत चांगल्या कपड्यांत बसवून त्यांचे फोटो काढले: लग्नं, बंधुसंघांच्या (लॉजच्या) मिरवणुका, नर्तिका, शाळकरी मुलं. मोठ्या निगेटिव्हवर काम करत असल्यामुळे त्याला खरवडायला आणि रंगवायला जागा मिळे. तो सुरकुत्या मिटवायचा, नसलेली अंगठी रेखायचा, दोन निगेटिव्ह एकत्र छापायचा. आजच्या नजरेला हे गोड-गोड वाटतं. पण त्या वर्षांत अमेरिकेतल्या छापील कागदावर कृष्णवर्णीय चेहरा बहुधा दोनच रूपांत यायचा, गुन्हेगार किंवा विदूषक. त्या कागदाशेजारी व्हॅन डर झीची ती खोटी अंगठी ठेवली, तर खोटं कुठलं हे ठरवायला वेळ लागतो.

बिलीकडे परत येऊ. तिचा सगळ्यांना माहीत असलेला फोटो विल्यम गॉटलीबने फेब्रुवारी 1947 मध्ये डाउनबीट क्लबात काढला. मान किंचित मागे, डोळे जवळजवळ मिटलेले, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तीन महिन्यांनी तिला अटक झाली. गॉटलीब मुळात लेखक. वृत्तपत्र त्याच्याबरोबर फोटोग्राफर पाठवायला तयार नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने स्पीड ग्राफिक घेतला. हा कॅमेरा म्हणजे कसरत. चार बाय पाच इंचांच्या फिल्मचे दोनच कागद एका होल्डरमध्ये बसतात. होल्डर घाला, पत्रा बाहेर ओढा, शटर चढवा, फोकस बघा, दाबा, पत्रा परत सारा, होल्डर उलटा करा. त्यात फ्लॅशबल्ब एकदाच जळतो. जळून गेलेला बल्ब हाताला चटका देतो, तो काढून नवा बसवायचा. बल्ब आणि फिल्म दोन्ही खिशातून. म्हणून रात्रीतून तीन-चार फोटो, बस्स. आज एका कार्यक्रमात हजार फोटो काढणाऱ्यांना ही गरिबी वाटेल, पण तिचा एक फायदा झाला. गॉटलीबला गाणं ऐकत थांबावं लागे. बिली कुठल्या शब्दावर मान मागे टाकते हे आधी माहीत हवं, नाहीतर बल्ब वाया. फ्लॅशच्या प्रकाशाला खोली नसते, हे त्याच्या बऱ्याच फोटोंत दिसतंच. या फोटोत मात्र प्रकाशाने गळा पकडला आहे, आणि त्या गळ्यातून येणारा आवाज कागदावर ऐकू आल्यासारखा वाटतो.

तिचे दुसरे फोटो दोन वर्षांनंतरचे, मार्च 1949 चे, कार्ल व्हॅन व्हेक्टनच्या घरी काढलेले. इथे मन दुभंगतं. व्हॅन व्हेक्टन गोरा, श्रीमंत, कादंबरीकार, हार्लेमच्या पार्ट्यांमध्ये कायम हजर. 1926 साली त्याने हार्लेमवर कादंबरी लिहिली, तिच्या नावातच काळ्यांना दिली जाणारी शिवी होती. त्यावरून अनेक मित्र तुटले. बावन्नाव्या वर्षी, 1932 मध्ये, त्याने लायका कॅमेरा हातात घेतला आणि मग बत्तीस वर्षं थांबलाच नाही. बेसी स्मिथ, झोरा नील हर्स्टन, लँगस्टन ह्यूज, पॉल रोबसन, मॅरियन अँडरसन, जेम्स बाल्डविन. त्या पिढीतल्या कृष्णवर्णीय लेखक-गायक-नटांपैकी ज्यांचा चेहरा आपल्याला आठवतो, त्यातल्या अर्ध्यांचा तरी त्याच्या कॅमेऱ्यातून आठवतो. 1941 मध्ये त्याने येल विद्यापीठात या सगळ्यासाठी स्वतंत्र संग्रह उभा केला आणि त्याला कृष्णवर्णीय लेखक जेम्स वेल्डन जॉन्सनचं नाव दिलं, स्वतःचं नाही. फोटोग्राफर म्हणून त्याची खोड म्हणजे पार्श्वभूमी. नक्षीचे पडदे, चुरगळलेला चकचकीत कागद, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, मधूनच एखादं आफ्रिकी लाकडी शिल्प. त्यात तांत्रिक शहाणपण आहे: गडद केस काळ्या पडद्यात बुडून जातात, डोक्याची कड हरवते, कोरा पांढरा पडदा मागे ठेवला तर तो लेन्समध्ये प्रकाश उधळतो आणि चेहऱ्याचे काळे फिके पडतात. मधल्या छटेची नक्षी दोन्ही संकटं टाळते. पण शिल्पाचं काय? हार्लेममध्ये राहणाऱ्या बाईशेजारी आफ्रिकेचं लाकूड ठेवणं हा प्रकाशयोजनेचा प्रश्न नाही. ते बघताना चोरट्यासारखं अवघडायला होतं.

आणि तरीही त्या रात्रीची हकीकत विसरता येत नाही. बिली आली तेव्हा ती आकसलेली, अंग चोरून होती, आणि बराच वेळ काहीच जमेना, असं व्हॅन व्हेक्टनने नंतर लिहून ठेवलं. मग त्याने तिच्यासमोर बेसी स्मिथचे फोटो ठेवले. ते त्याने 1936 साली काढले होते, पुढच्याच वर्षी बेसी अपघातात गेली. ते बघून बिली रडली, आणि त्यानंतर फोटो निघत गेले, पहाटेपर्यंत. माणसाला खुलवण्याच्या शंभर युक्त्या स्टुडिओवाल्यांकडे असतात. ही युक्ती होती की काय, हे मला ठरवता येत नाही. झोरा नील हर्स्टनने 1934 मध्ये त्याला पाठवलेल्या पत्रातली ओळ मात्र माझ्या मते कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमकी आहे. स्वतःचे फोटो बघून ती लिहिते, की हसतानाची मी मला फार आवडते, आणि रागीट, रुबाबदार दिसणारी मीही. कुणा गोऱ्या संग्राहकाने काय ठरवलं होतं ते राहिलं बाजूला, तिने तिचं काम करून घेतलं.

फ्रान्सिस वुल्फची कथा वेगळी. तो बर्लिनचा ज्यू, तिथे व्यवसायाने फोटोग्राफर, 1939 मध्ये जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला आला. त्याचा बालमित्र आल्फ्रेड लायन आधीच तिथे होता आणि त्याने त्याच वर्षी ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. पुढची पंचवीसेक वर्षं वुल्फ हिशेब बघायचा आणि रेकॉर्डिंगच्या जागी फोटो काढायचा. 1959 पर्यंत हे रेकॉर्डिंग न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत होई. खोली ती केवढी! तरी वुल्फच्या फोटोंत मागे नुसता काळोख दिसतो. त्याचं कारण गणित आहे. उजव्या हातात रोलायफ्लेक्स कॅमेरा, डावा हात लांब करून वर धरलेला फ्लॅश. फ्लॅश वादकापासून मीटरभर आणि भिंत तीन मीटरवर असली, तर भिंतीवर नवव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पोचतो, म्हणजे तीन स्टॉपांहून जास्त फरक. भिंत आपोआप बुडते. घरातले पडदे, दिव्यांची शेड, कपाट, सगळं नाहीसं होतं आणि ट्रंपेट उरतो. हात बाजूला गेल्यामुळे प्रकाशही बाजूने येतो आणि गालावर उतार मिळतो. रोलायफ्लेक्समध्ये वरून खाली वाकून बघायचं असतं, कॅमेरा पोटाशी असतो, त्यामुळे बसलेला माणूसही थोडा खालून बघितल्यासारखा उंच होतो. एका रोलमध्ये बारा फोटो, रेकॉर्डिंग चालू असताना शटरचा आवाज नको म्हणून तालमीच्या वेळी दाबायचं. ब्लू नोट तालमीचेही पैसे देत असे, जे तेव्हा कुणी देत नव्हतं. वुल्फच्या फोटोंतला निवांतपणा थोडासा त्या पैशांतून आला आहे. हे फोटो मग बारा इंची कव्हरवर जायचे. छपाई दोनच रंगांत, खर्च वाचवायला, पण गडद फोटोवर निळ्या किंवा तांबड्याचा एकच थर चढला की काळ्यातल्या छटा उघडतात. काटकसरीतून सौंदर्य निघाल्याचं याहून चांगलं उदाहरण पटकन आठवत नाही.

वाजवणाऱ्याचा चेहरा कव्हरवर! मुंबईत 1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड आला, त्या सुरांवर गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली, आणि पुढे तीच मंडळी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. शिक चॉकलेटसारखं एखादं नाव सोडलं तर त्या ट्रंपेट-व्हायोलिनवाल्यांपैकी किती जणांचे चेहरे आपल्याला ओळखू येतील? रेकॉर्डच्या कव्हरवर नट-नट्या असत. त्यात कुणी कुणाला मारलं नाही, कार्ड जप्त केलं नाही. नुसतं काढायचं राहून गेलं.

25 ऑगस्ट 1959. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबाबाहेर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस सिगरेट ओढत उभा होता. क्लबाच्या पाटीवर त्याचं नाव होतं, आठच दिवसांपूर्वी त्याची नवी रेकॉर्ड बाजारात आली होती. पोलिसाने पुढे सरकायला सांगितलं, तो म्हणाला मी इथेच काम करतो. डोक्यावर दंडुका बसला, टाके पडले, कार्डही जप्त झालं. खटला पुढे टिकला नाही. त्या रात्रीचे वृत्तपत्रीय फोटो अजून बघायला मिळतात: डोक्याला पट्टी, फिक्या कोटावर रक्त. त्या फोटोंत कोटावरचे डाग चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आहेत, आणि हा नुसता योगायोग नाही. वर्तमानपत्राची छपाई ठिपक्यांची, इंचाला साधारण 65 ओळींची जाळी. स्वस्त कागद शाई पितो आणि ठिपका फुगतो. 70 टक्क्यांचा ठिपका छापून येईतो 85-90 टक्के होतो. फिका कोट या फुगण्यातून सहीसलामत सुटतो; गडद चेहरा भरून जातो, डोळ्यांचे पांढरे आणि दात तेवढे उरतात. ज्याला हे टाळायचं असेल त्याने छपाईचा ब्लॉक करायला देतानाच चेहरा उघडून घेतलेली वेगळी प्रिंट द्यावी लागे. रात्रीच्या आवृत्तीच्या घाईत ती कोण काढणार? असा रोज थोडा थोडा आळस साठत जातो आणि शेवटी लोकांना वाटू लागतं की ही माणसं दिसतातच अशी. रंगीत फिल्मच्या काळात हीच गोष्ट रंग जुळवण्यासाठी गोऱ्या मुलीचा फोटो छापलेल्या नमुना-कार्डांनी केली. त्यावर आता भरपूर लिहून झालं आहे.

म्हणून रॉय डेकॅराव्हा मला या सगळ्यांत वेगळा वाटतो. हार्लेममध्ये 1919 साली जन्मला, चित्रकार व्हायला निघाला होता, सिल्कस्क्रीन (जाळीतून छपाई) करायचा, फोटो काढायचा तो चित्रांसाठी टिपण म्हणून. 1952 मध्ये गुगनहाइम फेलोशिप मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. त्याच्या अर्जात त्याने आपल्या लोकांचं बळ, शहाणपण, प्रतिष्ठा दाखवायची आहे असं लिहिलं. हे शब्द त्या काळात अनेकांनी वापरले. पण त्याने निवडलेली वाट उलटी होती. सगळे जण गडद चेहरा उजेडात आणायला धडपडत होते, आणि हा अंधारातच राहिला. फ्लॅश नाही, वेगळे दिवे नाहीत. क्लबात असेल तो बल्ब, रस्त्यावर असेल तो दिवा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, बिली, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले वादक यांचे त्याने काढलेले फोटो पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की छपाई बिघडली. मग डोळा सरावतो, आणि काळ्याच्या आत एक कमी काळं दिसू लागतं, त्याच्या आत बाही, बाहीच्या टोकाला बोटं.

हे फार अवघड काम आहे, आणि त्याची अवघड बाजू डार्करूममध्ये आहे. क्लबातल्या उजेडात 400 च्या फिल्मवर एफ/2 ला पंधरावा किंवा तिसावा सेकंद मिळतो. कोल्ट्रेनसारखा माणूस तेवढ्यात हलतोच, म्हणून डेकॅराव्हाने हलणं मान्य करून टाकलं. बरेच जण अशा वेळी फिल्म जास्त वेळ डेव्हलपरमध्ये ठेवून ‘पुश’ करतात. त्याने उजेडाचे भाग दाट होतात, पण सावलीत प्रकाश पोचलाच नसेल तर तिथे वाढवायला चांदीच नसते. फोटो कर्कश होतो, सावली रिकामी राहते. सावलीत काही हवं असेल तर ते कॅमेऱ्यातच मिळवावं लागतं, आणि मग फिल्म उलट थोडी कमी शिजवावी लागते. प्रिंटची पायरी त्याहून नाजूक. कागद मऊ घ्यायचा, दोन नंबरचा किंवा त्याखालचा. चाचणीची पट्टी तीन-तीन सेकंदांच्या अंतराने. डेव्हलपरमध्ये पूर्ण दोन ते तीन मिनिटं ठेवायचीच, कारण सेफलाइटच्या तांबूस उजेडात प्रिंट खरी आहे त्यापेक्षा काळी भासते आणि हात घाईने तिला बाहेर ओढतो. मग काळे चिखलासारखे येतात. ओली प्रिंट बघून कधीच ठरवायचं नाही. कागद वाळला की पाच ते दहा टक्क्यांनी गडद होतो. साध्या फोटोत हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण ज्या फोटोचं सगळं आयुष्य शेवटच्या तीन काळ्या छटांमध्ये आहे, तो एवढ्याने मरतो. म्हणून पट्टी पूर्ण वाळवून, साध्या उजेडात बघायची आणि एक्स्पोजर तेवढं कमी करायचं. शेवटी, जे कुठे पांढरं असेल, शर्टाची कॉलर, टांगलेला बल्ब, ते जादा प्रकाश देऊन करड्यावर आणायचं. फोटोत एक जरी शुभ्र ठिपका राहिला तरी डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि उरलेला अंधार बहिरा होतो. डेकॅराव्हाच्या कित्येक प्रिंटमध्ये कोरा पांढरा जवळजवळ नसतोच.

वर्तमानपत्रातला काळा डाग आणि डेकॅराव्हाचा काळोख लांबून सारखेच दिसतात.

जवळ गेल्यावर कळतं. एकात सावली म्हणजे कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यात तिच्या प्रत्येक चौरस इंचावर कुणीतरी तासभर उभा होता. आणि मला वाटतं, कॅबरे कार्डावरच्या फोटोला खरं उत्तर दिलं ते या दुसऱ्या सावलीने. पोलिसांना चेहरा पूर्ण दिसायला हवा असतो, खूण पटवायला. गॉटलीबच्या फ्लॅशमध्ये, व्हॅन व्हेक्टनच्या नक्षीदार पडद्यांसमोर चेहरा भव्य झाला, सुंदर झाला, पण उघडाच राहिला; आपण बघू तितका वेळ तो आपल्यासमोर हजर. डेकॅराव्हाच्या फोटोत माणूस थोडा स्वतःकडे राहतो. त्याच्या चेहऱ्याचा काही भाग आपल्याला मिळतच नाही, कितीही डोळे ताणले तरी. ज्या बाईला हॉस्पिटलच्या खाटेवर, मरणाच्या दारात असताना पोलिसांनी अटक केली, तिच्या बाबतीत हे थोडं राखून ठेवणं मला भव्यतेपेक्षा मोठं वाटतं. यावर कुणी म्हणेल की हे जास्तच झालं, वुल्फच्या स्वच्छ फोटोंमुळे जगाला हँक मोब्ली आणि ली मॉर्गन हे वादक ओळखता आले. खरं आहे. ओळखलं जाण्याची भूकही खोटी नव्हती.

डेकॅराव्हाने मात्र बाहेरच्या जगाशीही भांडणं केली. 1955 मध्ये स्वतःच्या घरातच फोटोंची गॅलरी काढली, जेव्हा फोटो विकत घेण्याची कल्पनाच कुणाला पटत नव्हती. दोन वर्षांत ती बंद पडली. 1963 मध्ये कृष्णवर्णीय फोटोग्राफरांचा कामोइंगे हा गट जमला, त्याचा तो पहिला संचालक. एकमेकांच्या प्रिंट भिंतीला लावून निर्दयपणे बोलायचं, ही त्यांची शाळा. मग 1969 च्या जानेवारीत मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर भलं मोठं प्रदर्शन भरवलं. भिंतभर फोटो, आवाज, झगमगाट, आणि हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांचं एकही काम नाही. बेनी अँड्र्यूज आणि इतर चित्रकार बाहेर फलक घेऊन उभे राहिले. डेकॅराव्हाने त्यात आपलं काम द्यायला नकार दिला. ज्या गावच्या कलाकारांना आत घेत नाही, त्या गावचे चेहरे भिंतीवर मोठे करून लावायचे, हा प्रकार त्याला कार्डावरच्या फोटोपेक्षा फार वेगळा वाटला नसावा.

त्याच प्रदर्शनात विस्मृतीत गेलेला व्हॅन डर झी सापडला. तो त्याच्या दशकांच्या निगेटिव्हांवर बसलेला म्हातारा होता. त्याचे फोटो म्युझियमच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचे झाले, त्याच वर्षी त्याला घरातून बाहेर काढण्यात आलं. पुढे 1980 नंतर, नव्वदी उलटून गेल्यावर, त्याने पुन्हा कॅमेरा घेतला. 1982 मध्ये त्याच्यासमोर एकवीस-बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय चित्रकार झां-मिशेल बास्किया येऊन बसला. तेव्हा बास्कियाची चित्रं तडाखेबंद विकली जात होती, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासाठी टॅक्सी थांबेलच याची खात्री नव्हती. व्हॅन डर झीने त्याला 1920 सालच्या एखाद्या हार्लेमवासी गृहस्थाला बसवावं तसंच बसवलं: सूट, नक्षीदार खुर्ची, मांडीवर मांजर. केस तेवढे ताठ उभे. या फोटोत सावली फारशी नाही, स्टुडिओची जुनी सरळ पद्धत आहे, आणि डेकॅराव्हाच्या बाजूने इतकं बोलून झाल्यावरही मला तो आवडतो. बास्कियाने त्याच वर्षी व्हॅन डर झीचं चित्र रंगवलं आणि त्याच्या आडनावातले स्वर गाळून उरलेली अक्षरं त्याला नाव म्हणून दिली.